गाईचे संप्रेरक माणसाला का चालत नाही, आणि म्हशीचे का चालते?

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्यातील सोसायटीत एकाच आठवड्यात दोन प्रश्न माझ्यापुढे आले. जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे असे प्रश्न माझ्यापर्यंत येतातच. पहिला प्रश्न खालच्या मजल्यावरील एका आईचा होता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाची उंची वाढत नव्हती, सर्व तपासण्या झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन रोज रात्री देण्यास सांगितले होते. तिने विचारले, ‘‘बाई, हे औषध जनावरांपासून काढतात का हो? तसे असेल तर मी देणार नाही.’’ दुसरा प्रश्न दूध केंद्राच्या रांगेतील एका काकांचा होता, आणि तो प्रश्नापेक्षा तक्रारच अधिक होता. तबेल्यांतून म्हशींना पान्हा सोडण्याचे इंजेक्शन देतात, ते दुधातून आपल्या पोटात जाते, आणि म्हणूनच हल्ली मुली लवकर वयात येतात, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही प्रश्नांचा रोख एकाच शंकेवर आहे: प्राण्याच्या शरीरातील रासायनिक निरोप माणसाच्या शरीराला समजतो का? दोन्ही पदार्थ एकाच ग्रंथीतून येतात. तरीही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गाईचे वाढीचे संप्रेरक एखाद्या मुलाला टोचले, तरी त्याची उंची त्यामुळे वाढणार नाही. म्हशीचा पान्हा सोडणारे संप्रेरक मात्र बाळंतिणीच्या शरीरातील संप्रेरकाहून तसूभरही वेगळे नाही. ‘प्राण्याचे हार्मोन’ असा एकच शब्द वापरून भीती किंवा विश्वास बाळगणे का चुकीचे आहे, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

नाकाच्या मुळामागची वाटाण्याएवढी ग्रंथी

एका अवयवाने रक्तातून दुसऱ्या अवयवाला पाठवलेला रासायनिक निरोप म्हणजे संप्रेरक, अर्थात हार्मोन. असे निरोप पाठवणाऱ्या ग्रंथींपैकी एक महत्त्वाची ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातील खोगिराच्या आकाराच्या खळग्यात बसलेली असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी तिचे नाव पिट्युटरी असते. माणसात ती वाटाण्याएवढी असते आणि तिचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते.

तिचे दोन भाग आहेत. पुढचा भाग स्वतः संप्रेरके तयार करतो. त्यांपैकी एक वाढीचे, एक स्तनांत दूध तयार करवणारे, एक थायरॉइडला कामाला लावणारे (टीएसएच), एक मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना हाक देणारे (एसीटीएच), आणि दोन प्रजननाचा कारभार पाहणारी (एफएसएच आणि एलएच) असतात. मागचा भाग हे केवळ कोठार आहे. मेंदूत तयार झालेली दोन छोटी संप्रेरके तेथे साठवली जातात आणि गरजेनुसार रक्तात सोडली जातात. त्यांतील ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करते व पान्हा सोडते, तर व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्यास सांगते.

गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा, माकड, माणूस अशा सर्व सस्तन प्राण्यांत ही ग्रंथी असते आणि तिची कामेही जवळपास तीच असतात. फरक आहे तो निरोपांच्या अक्षरांत.

एकाच माळेचे मणी, पण किती?

ही सर्व संप्रेरके प्रथिनांच्या जातीची आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या वीस प्रकारच्या मण्यांची ओवलेली माळ, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. माळ ओवली की ती घड्या घालून एका ठरावीक आकारात बसते, आणि तिचे काम त्या आकारावर अवलंबून असते. ऑक्सिटोसिनच्या माळेत ९ मणी आहेत, एसीटीएचच्या माळेत ३९, आणि माणसाच्या वाढीच्या संप्रेरकाच्या माळेत १९१.

कोणता मणी कोठे ओवायचा, याची कृती जनुकात लिहिलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या ती कृती उतरवली जात असताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि एका मण्याच्या जागी दुसरा येतो. बदललेल्या माळेचे काम बिघडले, तर तो प्राणी टिकत नाही आणि बदलही त्याच्याबरोबर संपतो. काम बिघडले नाही, तर बदल टिकतो. दोन जातींच्या माळा शेजारी ठेवून किती मणी वेगळे आहेत हे मोजले, म्हणजे त्या संप्रेरकाचा इतिहास वाचता येतो.

येथे इन्सुलिनचे उदाहरण आठवणे आवश्यक आहे. इन्सुलिन पीयूषिकेतून येत नाही. ते स्वादुपिंडात तयार होते. परंतु डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा केवळ एका मण्याने आणि गाईचे तीन मण्यांनी वेगळे असल्यामुळे मधुमेहाच्या रुग्णांनी अनेक दशके जनावरांचेच इन्सुलिन टोचून घेतले आणि त्यावर ते जगले. त्यामुळे वाढीचे संप्रेरकही कत्तलखान्यातून आणता येईल, ही अपेक्षा त्या काळी अगदी स्वाभाविक होती.

उंदराला चालले, माणसाला नाही

१९२१ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गाईगुरांच्या पीयूषिकेच्या पुढच्या भागाचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा ते उंदीर नेहमीपेक्षा कितीतरी मोठे झाले. जनावराचा निरोप उंदराच्या शरीराला समजला होता. पुढे हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढता आले आणि ज्या मुलांची वाढ पीयूषिकेच्या दोषामुळे खुंटली होती त्यांना ते दिले गेले. काहीही घडले नाही. माकडांवरील प्रयोगांतही तेच दिसले: गाईच्या किंवा डुकराच्या संप्रेरकाने माकड वाढत नव्हते, माकडाच्या संप्रेरकाने मात्र वाढत होते.

१९५६ साली चो हाओ ली आणि हॅरोल्ड पॅपकॉफ यांनी माणसाचे व माकडाचे वाढीचे संप्रेरक वेगळे काढले, आणि १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी माणसाच्या पीयूषिकेतून काढलेले संप्रेरक देऊन एका मुलाची वाढ झाल्याचे नोंदवले. मार्ग सापडला होता, परंतु तो अतिशय खडतर होता. वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून मिळणारे संप्रेरक अत्यल्प असते, त्यामुळे मृत व्यक्तींच्या असंख्य ग्रंथी गोळा करून, त्यांचा अर्क एकत्र करून औषध बनवावे लागे. या एकत्र अर्कात काही ग्रंथी मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या व्यक्तींच्याही होत्या. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या नावाचा हा आजार शरीरात शिरल्यानंतर अनेक वर्षे लपून राहतो. १९८५ साली अशा औषधाने उपचार झालेल्या तरुणांचे मृत्यू उघडकीस आले आणि ते औषध थांबवण्यात आले. जगभरात या मार्गाने २०० पेक्षा अधिक व्यक्ती बळी पडल्या. त्या पालकांनी मुलाच्या भल्यासाठीच इंजेक्शन दिले होते, हे मला कधीही विसरता येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी वाढीच्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. जिवाणूच्या पेशीत माणसाच्या माळेची कृती घातली जाते आणि तो ती माळ ओवतो. खालच्या मजल्यावरील आईला मी हेच सांगितले: तुमच्या मुलाला मिळणारे औषध ना जनावरापासून काढलेले आहे, ना मृत माणसापासून. आज अशीच पद्धत सर्वत्र रूढ आहे. औषधाची मात्रा, त्याचे परिणाम आणि ते किती वर्षे द्यायचे, हे प्रश्न मात्र तिने तिच्या डॉक्टरांनाच विचारावेत, असेही मी आवर्जून सांगितले.

दोन पिनांचा प्लग आणि तीन पिनांचे सॉकेट

गाईचे संप्रेरक उंदराला कळते आणि माणसाला कळत नाही, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. माणसाचे वाढीचे संप्रेरक उंदराला दिले, तर उंदीर वाढतो. म्हणजे दार एकाच बाजूने बंद आहे.

संप्रेरक रक्तातून सर्वत्र फिरत असले, तरी ज्या पेशीवर ते पकडणारा ग्राही असतो त्याच पेशीला ते कळते. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसवलेले सॉकेट. घरातील दोन पिनांचा चार्जर तीन पिनांच्या सॉकेटात निमूटपणे बसतो. परंतु इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात बसवायला गेलो, तर वरची जाड पिन अडते. माणसाचे संप्रेरक हा येथे दोन पिनांचा प्लग आहे, आणि गाईचे संप्रेरक तीन पिनांचा.

ही वरची जाड पिन नेमकी कोणती, तेही कळले आहे. नरवानर गणाबाहेरील प्राण्यांच्या संप्रेरकात १७०व्या स्थानी हिस्टिडीन नावाचा मणी असतो. माणसाच्या संप्रेरकात त्याच जागेवर, मोजणीत १७१व्या स्थानी, अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते. दुसरीकडे, इतर प्राण्यांच्या ग्राहीत ४३व्या स्थानी ल्युसीन असते, तर माणसाच्या ग्राहीत तेथे आर्जिनीन आहे. माणसाच्या ग्राहीतील आर्जिनीन आणि गाईच्या संप्रेरकातील हिस्टिडीन एकमेकांना खेटतात, त्यामुळे जोडणी पक्की होत नाही. माणसाच्या संप्रेरकातील अ‍ॅस्पार्टिक आम्लाला मात्र आर्जिनीनही चालते आणि ल्युसीनही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलले, तर मधल्या काळात ज्या प्राण्यात एकच बदललेले होते त्याची वाढ कशी झाली? याचे उत्तर क्रमात आहे. आमच्या पूर्वजांत आधी प्लग बदलला, आणि तो जुन्या सॉकेटातही बसत होता. त्यानंतर सॉकेट बदलले. उलट क्रमाने बदल झाला असता, तर ती वंशरेषा तेथेच थांबली असती. मला या विषयातील हा भाग सर्वांत देखणा वाटतो, कारण दोन मण्यांच्या अदलाबदलीत कोट्यवधी वर्षांपूर्वीचा घटनाक्रम वाचता येतो.

जवळचे नातलग, दूरचे नातलग

नाते जितके दूरचे, तितके माळेतील मणी अधिक वेगळे, असा साधा हिशेब मनात येतो. वाढीच्या संप्रेरकाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो.

येऊरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिरायला जाणाऱ्यांना दोन प्रकारची लाल तोंडाची माकडे ठाऊक असतात. डोक्यावर केसांची टोपी असलेले ते टोपी माकड, आणि दुसरे ऱ्हीसस. या ऱ्हीसस माकडाच्या वाढीच्या संप्रेरकात आणि माणसाच्या संप्रेरकात १९१ पैकी अवघे चार मणी वेगळे आहेत. हे अपेक्षेप्रमाणेच झाले. माणूस आणि डुक्कर यांच्यातील फरक मात्र जवळपास एक-तृतीयांश आहे, आणि माणूस व गाय यांच्यातीलही तसाच.

आता डुक्कर आणि कुत्रा पाहू. एक खुरांचा, दुसरा नखांचा. एक सर्वभक्षी, दुसरा मांसाहारी गणातला. या दोघांत नाते फार दूरचे आहे, तरीही त्यांचे वाढीचे संप्रेरक मण्यागणिक एकसारखे आहे. लोरिस नावाचे मोठ्या डोळ्यांचे, रात्री फिरणारे लहान प्राणी आपल्याच नरवानर गणातले आहेत, परंतु त्यांच्यातील स्लो लोरिसचे वाढीचे संप्रेरक माणसाच्या संप्रेरकापेक्षा डुकराच्या संप्रेरकाशी कितीतरी अधिक जुळते.

याचा अर्थ असा, की बहुतेक सस्तन प्राण्यांत ही माळ फार सावकाश बदलत आली, आणि डुकराने व कुत्र्याने तिचे जुने रूप जवळपास तसेच जपले. दोन वंशांत मात्र ती अचानक वेगाने बदलली. एक वंश माकडे आणि माणूस यांचा, लोरिससारख्यांची शाखा फुटल्यानंतरचा. आणि दुसरा रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा. देवमासे आणि पाणघोडे हे गाईचे जवळचे नातलग आहेत, परंतु त्यांचे संप्रेरक डुकराच्या वळणाचेच राहिले. धावपळ सुरू झाली ती रवंथ करणारे वेगळे झाल्यानंतर. पुढे गाय, मेंढी, शेळी यांच्यात एकमेकांपासून एक-दोन मण्यांचाच फरक उरला. ब्रिटनमधील मायकेल वॉलिस यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आणि सावकाश वाटचालीत मध्येच आलेल्या या धावांकडे सर्वांचे लक्ष वेधले.

माणसाच्या वंशात आणखीही एक गोष्ट घडली. उंदरात वाढीच्या संप्रेरकाचे एकच जनुक असते. आपल्यात त्याच्या प्रती निघत जाऊन सतराव्या गुणसूत्रावर अशी पाच जनुके एका ओळीत बसली आहेत; त्यांतील एकच मुख्यतः पीयूषिकेत चालते, आणि उरलेली गर्भारपणात वारेत.

छोट्या माळेत बदलायला जागा नाही

आता काकांच्या तक्रारीकडे वळण्यापूर्वी लहान संप्रेरकांचे वेगळेपण पाहू. लांब माळेत पुष्कळ मणी केवळ आकार सांभाळण्यासाठी असतात, त्यामुळे एखादा बदलला तरी निभावते. नऊ मण्यांच्या माळेत जवळजवळ प्रत्येक मणी ग्राहीशी थेट संबंधात असतो, त्यामुळे बदलाला वाव फार कमी राहतो.

एसीटीएच हे या दोन टोकांच्या मधले आणि म्हणून बोलके उदाहरण आहे. त्याच्या ३९ मण्यांपैकी पहिल्या २४ मण्यांवरच सर्व काम चालते, आणि ते २४ मणी सस्तन प्राण्यांत सारखेच आढळतात. बदल दिसतो तो शेपटात. डुकराचे आणि माणसाचे एसीटीएच ३१व्या स्थानी एका मण्याने वेगळे आहे, आणि म्हणून डुकराच्या पीयूषिकेतून काढलेले एसीटीएच माणसाला औषध म्हणून देता आले. अधिवृक्क ग्रंथीची तपासणी करताना आज रुग्णाला जे इंजेक्शन देतात, ते या पहिल्या २४ मण्यांचीच कृत्रिमरीत्या बनवलेली माळ असते.

व्हॅसोप्रेसिनमध्ये बहुतेक सस्तन प्राण्यांत आठवा मणी आर्जिनीन असतो, तर पाळीव डुकरात तो लायसीन असतो. पाणघोडा आणि डुकरांचे काही रानटी नातलग यांच्यात दोन्ही रूपे आढळली आहेत. ज्या रुग्णांत व्हॅसोप्रेसिन कमी पडल्याने सतत लघवी होते, त्यांना पूर्वी हेच लायसीनचे रूप नाकावाटे देत असत आणि ते उपयोगी पडत असे.

ऑक्सिटोसिन याहूनही चिवट आहे. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गाय, म्हैस, शेळी, येऊरचे माकड आणि माणूस यांचे ऑक्सिटोसिन एकच आहे. अमेरिका खंडातील मार्मोसेटसारख्या काही माकडांत आठव्या मण्याच्या जागी प्रोलीन असल्याचे २०११ मध्ये समजले, तेव्हा अभ्यासकांना आश्चर्य वाटले, कारण सस्तन प्राण्यांत ही माळ अढळ असल्याचे तोपर्यंत गृहीत धरले गेले होते.

मग म्हशीच्या दुधाचे काय?

पारडू ढुशी देऊ लागले की म्हशीच्या मेंदूला निरोप जातो, पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते, आणि कासेतील दूध खाली उतरते. यालाच आपण म्हैस पान्हावली असे म्हणतो. पारडू जवळ नसेल, तर म्हैस पान्हा चोरते. शहराभोवतालच्या तबेल्यांतून पारडे सांभाळणे अनेकांना परवडत नाही, त्यामुळे पान्हा सोडवण्यासाठी इंजेक्शनचा गैरवापर होतो, ही तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. जनावराच्या आरोग्याला अपायकारक ठरेल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी काही टोचणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार गुन्हा आहे.

काकांचा पुढचा निष्कर्ष मात्र टिकत नाही, आणि त्याचे कारण ‘म्हशीचे ऑक्सिटोसिन वेगळे असते’ हे नाही. ते एकच आहे, हे आपण पाहिले. खरी कारणे दोन आहेत. एक म्हणजे ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, आणि पोटात गेले तर डाळीतील प्रथिनाप्रमाणे त्याची माळ पाचकरसांनी तुटते. म्हणूनच बाळंतिणीला ते गोळीने न देता इंजेक्शनने किंवा सलाइनमधून दिले जाते. दुसरे कारण असे, की वयात येण्याची प्रक्रिया ऑक्सिटोसिन सुरू करत नाही. ती सुरू होते मेंदूने पीयूषिकेला दिलेल्या वेगळ्या इशाऱ्याने. त्यानंतर एफएसएच आणि एलएच रक्तात येतात आणि अंडाशय जागे होतात. मुलींचे वयात येण्याचे वय हा गंभीर विषय आहे, त्यामुळे त्याचे खापर चुकीच्या पदार्थावर फोडून खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला मनापासून वाटते. तबेल्यातील इंजेक्शनला विरोध करण्यासाठी म्हशीला होणारा त्रास पुरेसा आहे.

दोन्ही ऑक्सिटोसिन एकच असण्याचा परिणाम कायद्यातही दिसला. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा गैरवापर रोखण्यासाठी देशांतर्गत वापराच्या ऑक्सिटोसिनचे उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले. परंतु बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दवाखान्यांना लागणारे औषधही तेच असल्यामुळे त्याचा तुटवडा पडेल, अशी भीती व्यक्त झाली. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हशीचे ऑक्सिटोसिन अगदी दोन मण्यांनी जरी वेगळे असते, तर जनावरांचे वेगळे व माणसांचे वेगळे औषध ठेवून हा पेच कदाचित सुटला असता.

‘अमेरिकेत गाईंना वाढीचे संप्रेरक देतात ना?’

देतात. जनुकीय तंत्राने बनवलेले गाईचे वाढीचे संप्रेरक दूध वाढवण्यासाठी वापरण्यास तेथे १९९३ साली मान्यता मिळाली. ते माणसाच्या ग्राहीत बसत नाही आणि पोटात पचते, हा त्या मान्यतेमागील एक प्रमुख युक्तिवाद होता, आणि या लेखात आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींवरून तो पटण्यासारखा आहे.

त्यावरील आक्षेपही तितकाच नेमका होता. वाढीचे संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ तयार करवून घेते, आणि तो पदार्थ गाईत व माणसात मण्यागणिक एकसारखा आहे. म्हणजे पहिला निरोप दोन्ही जातींत वेगळा, परंतु त्याने बोलावलेला दुसरा निरोप एकच. तोही प्रथिनच असल्याने बराचसा पचतो आणि आपल्या शरीरात तो रोज कितीतरी अधिक प्रमाणात तयार होतो, असे उत्तर त्यावर दिले गेले. कॅनडाने आणि युरोपीय संघाने या औषधाला मान्यता नाकारली, ती प्रामुख्याने गाईंच्या आरोग्याच्या कारणावरून, कारण कासदाहाचे आणि लंगडण्याचे प्रमाण वाढण्याचा धोका दिसला होता.

अर्धी सारखी, अर्धी वेगळी

टीएसएच, एफएसएच आणि एलएच यांची रचना निराळी आहे. प्रत्येकात दोन माळा एकत्र गुंफलेल्या असतात. एक माळ तिन्ही संप्रेरकांत समान असते. दुसरी माळ कोणता निरोप द्यायचा हे ठरवते. या संप्रेरकांना जातीच्या सीमा फारशा अडवत नाहीत. डुकराच्या पीयूषिकेतील एफएसएच गाईला टोचून एकाच वेळी अनेक अंडी परिपक्व करवून घेतात आणि त्यावर गाईंमधील भ्रूण प्रत्यारोपणाचे तंत्र उभे राहिले आहे.

भारतीय शास्त्रज्ञांनी या अर्धवट साम्याचा फार कल्पक उपयोग केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. आर. मौदगल यांनी मेंढीचे एफएसएच टोपी माकडांच्या नरांना लसीसारखे टोचले. ते परके असल्यामुळे माकडांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, आणि ते पुरेसे सारखेही असल्यामुळे ती प्रतिपिंडे माकडाच्या स्वतःच्या एफएसएचलाही चिकटली. परिणामी नरांची प्रजननक्षमता घटली. दिल्लीत जी. पी. तलवार यांनी स्त्रियांसाठी जी गर्भनिरोधक लस तयार केली, तिच्यात मानवी गर्भारपणाच्या संप्रेरकाची एक माळ मेंढीच्या एलएचमधील समान माळेशी जोडलेली होती. पूर्ण सारखे असते, तर शरीराने दुर्लक्ष केले असते. पूर्ण वेगळे असते, तर प्रतिपिंडे निरुपयोगी ठरली असती.

येऊरच्या टोपी माकडांकडे पाहताना मला हा प्रयोग नेहमी आठवतो.

निरोप तोच, घर वेगळे

एक आक्षेप अजून उरतो. संप्रेरके इतकी सारखी असतील, तर जवळच्या जातींचे वागणे एवढे वेगळे कसे? उत्तर अमेरिकेत व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी आहेत. त्यांतील गवताळ मैदानांतील जात आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहते, आणि डोंगराळ भागातील तिची सख्खी नातलग जात तशी राहत नाही. दोघांचे ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन तेच आहे. फरक आहे तो त्यांचे ग्राही मेंदूच्या कोणत्या भागात दाटीने बसवलेले आहेत यात. वीज तीच, पण एका घरात सॉकेट दिवाणखान्यात आणि दुसऱ्यात माळ्यावर, अशी ती स्थिती आहे.

कधी कामाची वाटणीही बदलते. मार्मोसेट माकडांत पीयूषिका एलएच बनवत नाही. माणसात जे संप्रेरक वारेतून येते आणि ज्यावर गर्भधारणेची घरगुती चाचणी चालते, त्याच प्रकारचे संप्रेरक तेथे पीयूषिका बनवते आणि एलएचचे काम करून घेते.

कुत्र्याचा अहवाल माणसाच्या किटवर नको

या सर्वांचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध येतो तो प्रयोगशाळेत. संप्रेरक मोजण्याच्या चाचणीत ते ओळखणारी प्रतिपिंडे वापरतात, आणि ती विशिष्ट जातीची माळ पाहून घडवलेली असतात. आमच्या सोसायटीत कुत्री पाळणारी कुटुंबे बरीच आहेत आणि वयस्क कुत्र्यांत थायरॉइड मंदावणे ही नेहमीची तक्रार आहे. थायरॉइडमधून येणारे थायरॉक्सिन सर्व प्राण्यांत एकच असते, म्हणून ते माणसाच्या चाचणीने बऱ्याच अंशी मोजता येते, फक्त कुत्र्यात त्याची पातळी मुळातच कमी असते हे लक्षात घ्यावे लागते. टीएसएच मात्र पीयूषिकेचे आहे आणि त्याची दुसरी माळ जातीनुसार बदलते. माणसासाठी बनवलेल्या किटला कुत्र्याचे टीएसएच भरवशाने दिसत नाही. त्यामुळे कुत्र्याचे रक्त तपासायला देताना टीएसएचची चाचणी कुत्र्यांसाठीच बनवलेल्या किटवर होणार आहे ना, हे आपल्या पशुवैद्यांना आधी विचारून घ्यावे.